कादंबरीकार हरिभाऊ आपटे

ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी एक प्राचीन शिवमंदिर उभे आहे. काळ्या दगडाचे ते मंदिर आणि त्याच्या भिंतींवरील मूर्ती पाहून आजही पाहणारा क्षणभर स्तब्ध होतो. मंदिरातील एका शिलालेखावरून ते शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळी पुरे झाले असे कळते. शिलालेख राजाचे नाव सांगतो, वर्ष सांगतो आणि थांबतो. ज्या हातांनी दगड फोडला, ज्या बोटांनी त्यावर नाजूक वेलबुट्टी कोरली, त्या माणसांचे काय? त्यांच्या घरी सुख होते की दुःख? त्यांच्या लेकी किती लहान वयात सासरी जात? त्यांना कोणती भीती वाटे आणि कोणती आशा वाटे? याविषयी दगड काही बोलत नाही.

राजांची नावे शिलालेखांत राहतात, लढाया बखरींत राहतात. परंतु सामान्य माणसाच्या मनात काय चालते याची नोंद ठेवतो तो कथाकार आणि कादंबरीकार. मराठी भाषेत हे काम ज्यांनी प्रथम मोठ्या सामर्थ्याने केले, ते थोर लेखक म्हणजे हरि नारायण आपटे होत. महाराष्ट्र त्यांना प्रेमाने हरिभाऊ म्हणून ओळखतो.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे या गावी झाला. त्यांच्या बालपणाचा काही काळ मुंबईस गेला आणि पुढे त्यांचे कुटुंब पुण्यास आले. आईचे छत्र त्यांच्या डोक्यावरून फार लवकर हरपले. एकत्र कुटुंबात माणसे पुष्कळ असतात, मायाही असते. परंतु आईची जागा कोणी भरून काढू शकत नाही. घरातील लहानमोठ्यांचे रुसवेफुगवे, सासुरवाशिणींचे मुके दुःख, वडीलधाऱ्यांचा धाक, सणावारांची धांदल, या साऱ्या गोष्टी तो मुलगा शांतपणे न्याहाळीत असे. पुढे त्याच्या लेखणीला जी शिदोरी पुरली, ती त्याने याच वयात बांधून घेतली होती.

१८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी टिळक प्रभृती तरुणांच्या साहाय्याने पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा काढली. लवकरच गोपाळ गणेश आगरकर हेही त्यांना येऊन मिळाले. देशातील तरुणांना स्वाभिमानाचे शिक्षण द्यावे, ही या शिक्षकांची तळमळ होती. हरिभाऊ या शाळेचे विद्यार्थी झाले. असे गुरू लाभणे हे मोठे भाग्य होय. विष्णुशास्त्र्यांपासून त्यांनी मराठी भाषेचा अभिमान घेतला आणि आगरकरांपासून अन्यायी रूढीविषयी निर्भयपणे विचार करण्याची वृत्ती घेतली.

१८८२ मध्ये विष्णुशास्त्री ऐन तारुण्यात निवर्तले. साऱ्या शाळेवर शोककळा पसरली. अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी आपले दुःख 'शिष्यजनविलाप' या काव्यात ओतले. पुढे आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' या नाटकाचे 'विकारविलसित' या नावाने मराठी रूपांतर केले, तेव्हा या तरुण शिष्याने त्यावर दीर्घ आणि बारकाईची टीका लिहिली. गुरूविषयी मनात अपार आदर असावा, पण त्यांच्या ग्रंथाचे गुणदोष पाहताना मन स्वतंत्र असावे, हे हरिभाऊंनी त्या वयातच दाखवून दिले. गुरू आणि शिष्य यांचे नाते असे मोकळे असले म्हणजे विद्येला खरे तेज चढते.

हरिभाऊंचे वाचन अफाट होते. कालिदास आणि भवभूती यांच्या नाटकांप्रमाणेच शेक्सपिअर, स्कॉट, डिकन्स यांचे ग्रंथ त्यांनी मन लावून वाचले. परंतु महाविद्यालयात गेल्यावर एक विषय त्यांच्या वाटेत आडवा आला. तो विषय म्हणजे गणित! भाषेच्या रानात स्वैर हिंडणारे हे मन आकडेमोडीत रमेना. परीक्षेत अपयश आले आणि पदवी हाती न घेताच त्यांना महाविद्यालय सोडावे लागले.

त्या काळी पदवीला फार मोल होते. पदवी मिळाली की सरकारी नोकरीची दारे उघडत, घराण्याचा नावलौकिक वाढे. तेव्हा हे अपयश लहान नव्हते. एखादा तरुण अशा वेळी खचून गेला असता. हरिभाऊंनी मात्र परीक्षा सुटली तरी अभ्यास सोडला नाही. गणितात उणे पडलेला हा विद्यार्थी पुढे मराठी भाषेच्या उगमाविषयी आणि विकासाविषयी मुंबई विद्यापीठात विद्वानांपुढे व्याख्याने देण्यास उभा राहिला. १९१५ मध्ये विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेसाठी विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. ज्याला विद्यापीठाची पदवी मिळाली नव्हती, त्याच्या ज्ञानाचा विद्यापीठानेच असा गौरव केला.

पदवीवाचून बाहेर पडलेल्या हरिभाऊंना त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी हात दिला. महादेवराव हे मुंबईच्या उच्च न्यायालयातील नामांकित वकील. घरोघर धूळ खात पडलेल्या जुन्या संस्कृत पोथ्या गोळा कराव्या, त्या शुद्ध करून छापाव्या आणि त्यांचा नाश टाळावा, या हेतूने त्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. तिच्या व्यवस्थेचे काम हरिभाऊंकडे आले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत निष्ठेने केले. एकीकडे शेकडो वर्षांच्या पोथ्यांची राखण करावी आणि दुसरीकडे अगदी आजच्या, आपल्या शेजारच्या घरातील माणसांच्या कथा लिहाव्या, असा दुहेरी संसार या एका माणसाने चालविला. जुने सारे टाकाऊ आणि नवे सारे चांगले, असे त्यांनी कधी मानले नाही. जुन्यातील जे जपण्याजोगे ते जपावे आणि जे माणसाला छळते ते मात्र सोडून द्यावे, हीच त्यांची दृष्टी होती.

हरिभाऊ लिहू लागले त्यापूर्वी मराठीत कादंबऱ्या नव्हत्या असे नाही. १८५७ मध्ये बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले होते. विधवांच्या दुःस्थितीचे वर्णन करणारे ते पुस्तक होते. परंतु त्यानंतर बराच काळ लेखक अद्भुताच्या मागे लागले. १८६१ ची 'मुक्तामाला' आणि १८६८ ची 'मंजुघोषा' या कादंबऱ्यांतील जग नवलाईने भरलेले होते. सुंदर राजकन्या, पराक्रमी राजपुत्र, दुष्ट कारस्थानी माणसे, आश्चर्यकारक सुटका, असा त्यांचा थाट असे. वाचकाचा वेळ मजेत जाई. पण पुस्तक मिटले की ते जग नाहीसे होई. वाचकाच्या स्वतःच्या घराशी, शेजाऱ्याशी, गल्लीशी त्याचा काही संबंध नसे. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी 'मोचनगड' लिहून कादंबरीला इतिहासाकडे वळविले, हा मात्र एक नवा प्रयत्न होता.

हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' ही १८८५ मध्ये 'पुणे वैभव' या पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या लेखनाची तिच्यावर छाया होती. तरीही तिच्यात पुण्यातील सुशिक्षित समाज दिसत होता. जुने आचार सुटलेले, नवे विचार पुरते पचलेले नाहीत, अशा मधल्या अवस्थेत सापडलेल्या आणि व्यसनांकडे झुकणाऱ्या माणसांचे ते चित्र होते. राजपुत्रांना निरोप देऊन मराठी कादंबरी प्रथमच वाचकाच्या ओळखीच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली.

१८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्या वेळी 'केसरी' राजकारणाची गर्जना करीत होता आणि आगरकरांचा 'सुधारक' समाजाच्या दोषांवर कठोर प्रहार करीत होता. ही पत्रे मुख्यतः घरातील कर्ते पुरुष वाचीत. माजघरातील स्त्रियांपर्यंत आणि मुलांपर्यंत कोण पोचणार? हरिभाऊंनी ही उणीव ओळखली. सगळ्या कुटुंबाला एकत्र बसून वाचता येईल, ज्यात गोष्टी असतील, कविता असतील, शास्त्रीय माहिती आणि थोरांची चरित्रे असतील, असे पत्र त्यांनी काढले. उपदेशाचा कडू काढा मुकाट्याने कोणी घेत नाही. तोच गोष्टीच्या मधात दिला तर आवडीने घेतला जातो, हे मर्म त्यांनी जाणले होते. पाव शतकाहून अधिक काळ त्यांनी हे पत्र चालविले. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या याच पत्रातून आठवड्याआठवड्याला प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध झाल्या.

असे लिहिणे सोपे नसते. लेखकाला बरे वाटो वा न वाटो, छापखान्याचा दिवस टळत नाही. एकदा छापून गेलेले प्रकरण मागे घेता येत नाही. त्यामुळे हरिभाऊंच्या कादंबऱ्या कोठे कोठे पाल्हाळिक झाल्या आणि 'सूर्यग्रहण' यासारख्या काही तर अपुऱ्याच राहिल्या, हे खरे. परंतु याच पद्धतीमुळे त्यांची पात्रे दर आठवड्याला वाचकांच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांसारखी झाली. पुढे काय होणार, याची वाट पाहत लोक पुढील अंकाकडे डोळे लावून बसत.

'करमणुकी'च्या आरंभापासूनच जी कादंबरी त्यात येऊ लागली, तिने हरिभाऊंचे नाव अजरामर केले. तिचे नाव 'पण लक्षात कोण घेतो'. १८९३ मध्ये ती पुस्तकरूपाने बाहेर पडली. तिची नायिका यमुना आपली जीवनकथा स्वतःच सांगते. कथेच्या आरंभी ही यमू तुमच्याहूनही लहान आहे. भावाशी भांडणारी, मैत्रिणींशी खेळणारी, आईच्या कुशीत शिरणारी ती एक हसरी, चौकस मुलगी आहे. हळूहळू तिच्या बालपणावर सावल्या पडू लागतात. आई जाते. घरात सावत्र आई येते. यमूचे लग्न होते आणि ती सासरी जाते. तिच्या सासरच्या घरात शंकरमामंजी हे एक प्रबळ गृहस्थ आहेत. बाहेर जगाला धर्माचा आव दाखवावा आणि घरातील दुबळ्यांना धाकात ठेवावे, अशी त्यांची रीत. तिची बालमैत्रीण दुर्गी हिच्या नशिबी तर दुर्वर्तनी नवरा आला आहे. तिचे हाल वाचताना डोळे पाणावतात.

यमूचा पती रघुनाथराव मात्र सुशिक्षित आणि सहृदय आहे. तो तिला मुंबईस नेतो, शिकवितो, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. पुस्तके वाचावी, विचार करावा, नवऱ्याबरोबर मोकळ्या हवेत फिरावयास जावे, एवढ्या साध्या गोष्टी. पण त्या काळच्या मुलीला त्या स्वर्गासारख्या वाटतात. आणि हे सुख बहरास येते न येते तोच रघुनाथरावाला मृत्यू गाठतो. यमू विधवा होते. रूढीप्रमाणे विधवेने केस काढून टाकले पाहिजेत, अशी सक्ती तिच्यावर होते. ती विनविते, प्रतिकार करते. पण घरातील बळापुढे तिचे काही चालत नाही. तिचा असा अपमान केला जातो. त्या आघातातून ती सावरत नाही आणि तिची कथा दुःखातच संपते.

एवढीच ती कथा. तिच्यात राक्षस नाही की चेटकीण नाही. शंकरमामंजी हे कोणत्याही आळीत भेटतील असे गृहस्थ आहेत. यमू कोणत्याही वाड्यात दिसेल अशी मुलगी आहे. म्हणूनच ती कथा वाचणाऱ्यांच्या काळजाला भिडली. विधवांची स्थिती वाईट आहे, हे विद्वान लोक सभांतून सांगतच होते. परंतु सभेत ऐकलेले दुःख दुसऱ्याचे वाटते. यमूच्या तोंडून ऐकलेले दुःख आपल्या बहिणीचे, आपल्या लेकीचे वाटू लागले. घराच्या आतील काळोख्या खोलीत जे मूकपणे सोसले जात होते, त्याला हरिभाऊंनी वाचा दिली. ग्रंथाच्या नावातच त्यांनी समाजाला प्रश्न केला आहे. दुःख तर सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. पण ते मनावर घेणारा कोण आहे?

तो काळच मोठ्या मंथनाचा होता. १८८४ मध्ये पुण्यात मुलींची मोठी शाळा निघाली. तीच पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झाली. १८८९ मध्ये पंडिता रमाबाई यांनी मुंबईत शारदासदन उघडले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी स्वतः विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांच्या शिक्षणासाठी आश्रम स्थापन केला. कोणी शाळा काढल्या, कोणी कायदे करविले, कोणी स्वतःच्या आचरणाने वाट दाखविली. हरिभाऊंनी लोकांची मने मऊ केली. मन पालटल्यावाचून कायदा कागदावरच राहतो. म्हणून या कामाचे मोल इतर कामांहून कमी नाही.

'मी' या कादंबरीत हरिभाऊंनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. हीही एक आत्मकथाच आहे. तिचा नायक भावानंद हा एका साध्या घरातील मुलगा. बहिणीवर त्याची अपार माया. शिकून मोठे व्हावे, पैसा मिळवावा, संसार थाटावा, ही सामान्य वाट सोडून तो आपले सारे आयुष्य देशसेवेला वाहून टाकतो. संन्याशाने जंगलात जाऊन देव शोधावा, त्याऐवजी लोकांत राहून लोकांची सेवा करावी, हा नवा संन्यास हरिभाऊंनी या ग्रंथात रंगविला. पुढे १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा कादंबरीतील ही कल्पना प्रत्यक्षात उतरल्यासारखी अनेकांना वाटली असेल.

शहरातील सुशिक्षितांपुरतीच हरिभाऊंची सहानुभूती मर्यादित नव्हती. त्यांच्या स्फुट गोष्टींत 'काळ तर मोठा कठीण आला' ही दुष्काळाची कथा आहे. पाऊस न पडल्यामुळे अन्नाला महाग झालेल्या गरीब कुटुंबाचे हाल तीत आले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रावर दुष्काळांची संकटे कोसळली. त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत दुष्काळाचे आकडे सापडतील. पण रिकाम्या चुलीपुढे बसलेल्या आईच्या मनाची तगमग सापडेल ती अशा कथेतच.

सामाजिक कादंबऱ्यांप्रमाणेच ऐतिहासिक कादंबऱ्यांतही हरिभाऊंची लेखणी रमली. टिपू सुलतानावरील 'म्हैसूरचा वाघ' हा त्यांचा या प्रकारातील आरंभीचा प्रयत्न. नंतर 'उषःकाल' आली. स्वराज्याचा सूर्य उगवण्यापूर्वीची पहाट तीत रंगविली आहे. सुलतानगडाचा किल्लेदार रंगराव आप्पा विजापूरच्या बादशहाचा इमानी सेवक आहे, तर त्याच्या तरुण मुलाचे मन शिवाजीमहाराजांकडे ओढ घेत आहे. एकीकडे खाल्ल्या मिठाला जागण्याचा धर्म आणि दुसरीकडे मायभूमीच्या मुक्ततेची हाक! बाप आणि मुलगा दोघेही प्रामाणिक आहेत, म्हणूनच त्यांच्यातील संघर्ष मनाला चटका लावतो. हरिभाऊंची थोरवी येथे दिसते. विरुद्ध बाजूचा माणूस केवळ दुष्ट म्हणून ते रंगवीत नाहीत. त्याच्याही मनात शिरून पाहतात.

१६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी प्राणांची बाजी लावून सिंहगड जिंकला. त्या पराक्रमाची कथा 'गड आला पण सिंह गेला' या आटोपशीर कादंबरीत हरिभाऊंनी सांगितली आणि ती मराठी मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांनी आवडीने वाचली. चंद्रगुप्त मौर्याच्या काळावर त्यांनी 'चंद्रगुप्त' लिहिली. १५६५ च्या लढाईत विजयनगरच्या वैभवशाली राज्याचा विध्वंस झाला. त्या कथेवर 'वज्राघात' ही त्यांची उत्तरकाळातील कादंबरी उभी आहे.

पारतंत्र्यात पडलेल्या देशाला आपला इतिहास पुन्हा आठवावासा वाटतो आणि तो आठवून देण्याचे काम बहुधा कादंबरीकाराकडे येते. दूर युरोपात हंगेरी नावाचा देश आहे. १८४८ मध्ये तेथील लोक ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्ध उठले. त्या उठावात मोर योकाई नावाचा तेवीस वर्षांचा तरुण लेखक पुढे होता. दुसऱ्या वर्षी उठाव मोडला गेला आणि त्याला काही काळ लपून राहावे लागले. पुढे त्याने तलवारीचे काम लेखणीकडून करविले. हंगेरीच्या गतकाळावर आणि त्याच्या आपल्या काळावर त्याने इतके लिहिले की त्याच्या समग्र ग्रंथांची आवृत्ती शंभर खंडांची झाली. १९०४ मध्ये योकाई वारला. तो आणि हरिभाऊ एकमेकांपासून हजारो कोसांवर होते, त्यांच्या भाषा निराळ्या होत्या. पण पराधीन लोकांच्या मनात आत्मविश्वास जागा करावा, ही दोघांची तळमळ एकच होती. स्कॉटने स्कॉटलंडसाठी आणि बंकिमचंद्रांनी बंगालसाठी हेच कार्य केले. या मालिकेत महाराष्ट्राच्या वतीने हरिभाऊंचे नाव घ्यावे लागते.

मोठा लेखक दुसऱ्याच्या गुणांची कदर करतो. हरिभाऊंच्या काळी केशवसुत हे मराठी कवितेला नवे वळण देत होते. पण त्यांची थोरवी फार थोड्यांना कळली होती. १९०५ मध्ये केशवसुत अकाली निवर्तले. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही काव्यसंग्रह निघाला नव्हता. हरिभाऊंनी त्यांच्या विखुरलेल्या कविता जपून एकत्र केल्या आणि पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. ते पुस्तक निघाले नसते, तर मराठीचे केवढे धन वाऱ्यावर गेले असते! परदेशी नाटकांची ओळखही त्यांनी मराठी वाचकांना करून दिली. मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या एका प्रहसनाचे 'मारून मुटकून वैद्यबोवा' हे त्यांनी केलेले रूपांतर त्याच्या नावामुळेच ओठांवर हसू आणते.

हरिभाऊ केवळ लेखनाच्या खोलीत बसून राहिले नाहीत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. घरे ओस पडली, भीतीने माणसे गाव सोडून जाऊ लागली. अशा वेळी हरिभाऊंनी लोकांमध्ये राहून सेवेचे काम केले. पुण्याच्या नगरपालिकेत त्यांनी दीर्घ काळ काम केले आणि तिचे अध्यक्षपदही भूषविले. ज्या शहरातील वाडे आणि आळ्या त्यांच्या कादंबऱ्यांत जिवंत झाल्या, त्या शहराचे रस्ते, पाणी आणि आरोग्य यांचीही चिंता त्यांनी वाहिली. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने त्यांना मान दिला.

सततच्या श्रमांनी शरीर थकत गेले. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षे पुरी होण्यास अवघे पाच दिवस उरले असता, हरिभाऊंनी पुण्यात देह ठेवला.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. विधवेचे केस काढण्याची क्रूर चाल आता मागे पडली आहे. बालविवाह कायद्याने गुन्हा ठरला आहे. यमूच्या वयाच्या मुली दप्तर घेऊन शाळेत जातात आणि याच पुस्तकात तिची हकीगत वाचतात. हा बदल एका माणसाने किंवा एका ग्रंथाने घडविला असे म्हणणे योग्य होणार नाही. त्यासाठी अनेकांनी अपमान सोसले, अनेकांनी आयुष्ये वेचली. परंतु ज्यांनी लोकांना प्रथम दुसऱ्याच्या दुःखाकडे डोळे उघडून पाहावयास शिकविले, त्यांत हरिभाऊंचे स्थान फार वरचे आहे.

त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र अजून शिळा झालेला नाही. आपल्या वर्गात एखादा मुलगा नेहमी एकटाच बसत असेल, एखाद्या मुलीला घरकामासाठी शाळा सोडावी लागत असेल, शेजारच्या घरात एखाद्या वृद्धेशी कोणी बोलत नसेल. या गोष्टी सर्वांना दिसतात आणि बहुतेक जण पाहून पुढे निघून जातात. हरिभाऊ थांबले, त्यांनी नीट पाहिले आणि जे पाहिले ते खरेपणाने लिहून ठेवले. वाचणाऱ्याने निदान थांबून पाहावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती ज्याने पुरी केली, त्याने हरिभाऊंचे ग्रंथ खऱ्या अर्थाने वाचले असे म्हणता येईल.